सात चुली, एक पातेलं

"सात घरं, सात चुली, आणि पातेल्याचं वजन सगळीकडं दोन किलो तीनशे चाळीस? एका ग्रॅमचाही फरक नाही?" सर ओरडत होते. "कुठल्या झाडाखाली बसून भरलेत हे फॉर्म? आंब्याच्या की चिंचेच्या?"

सर एरवी इतकं हळू बोलत, की मागच्या बाकावरची पोरं दोन वर्षं त्यांच्या ओठांकडं बघूनच पास झालेली. त्या दिवशी मात्र विद्यापीठातल्या आमच्या विभागाच्या खिडकीतली कबुतरं उडाली ती, माझा अंदाज, थेट खडकवासल्याला जाऊन बसली. टेबलाच्या अलीकडं मी आणि माझ्या शेजारी शुभदा मॅडम. त्या फॉर्मांवर मॅडमची पीएच.डी. उभी होती, माझी नोकरी उभी होती, आणि घाटघरच्या वरची एक अख्खी वाडी उभी होती. म्हणजे आम्ही तिघंही एका पातेल्यावर उभे होतो म्हणा.

"सर," मी म्हणालो, "बाजारात एका साच्याची भांडी मिळतात."

"एका साच्याची मिळतात. ती एकसारखी झिजतात का?"

मला उत्तर सुचलं नाही असे प्रसंग माझ्या आयुष्यात दोनच. दुसरा लग्नात, उखाणा घ्यायची वेळ आली तेव्हा.

आता हे झाडाखालचं प्रकरण काय, ते सांगतो. आमच्या धंद्यात 'झाडाखालचा फॉर्म' ही सगळ्यात घाण शिवी. सर्वे करणाऱ्यानं घरोघर जायचं सोडून एखाद्या झाडाखाली बसायचं, बिडी पेटवायची आणि मनाला येतील ते आकडे भरून मोकळं व्हायचं. मी वीस-बावीस वर्षं हे काम केलं. या काळात मी एकही फॉर्म झाडाखाली भरला नाही. एकदा ओतूरला एस.टी. स्टँडच्या छपराखाली अर्धा भरला होता, पण छप्पर म्हणजे काही झाड नव्हे.

मी मूळचा अवसरी बुद्रुकचा. पुण्याच्या विद्यापीठी विभागात मला जे पद मिळालं त्याचं नाव 'क्षेत्र-अन्वेषक'. आमच्या वडिलांना ते कधी उच्चारता आलं नाही. मी त्यांना सोपं करून सांगितलं, "दादा, लोक काय खातात, किती खातात, ते कुठून येतं आणि कधी संपतं, हे मोजायचं. विद्यापीठात भूक हा विषय शिकवतात."

दादांनी हातातला विळा खाली ठेवला. "भूक शिकिवत्यात? मंग आमी समदे पीएच.डी.च हाय की राव! बहात्तरच्या दुस्काळात पास झालो."

काम दिसायला सोपं. मोजण्याच्या रीती दोन. पहिली विचारायची: काल सकाळपासून आज सकाळपर्यंत घरात कोण काय काय जेवलं? दुसरी तोलायची: चुलीवर चढायच्या आधी धान्य काट्यावर घालायचं, भांडं रिकामं करून त्याचंही वजन घ्यायचं, ते वजा करायचं, आणि शिजवून जेवणं झाल्यावर काय उरलं ते पुन्हा तोलायचं. भांड्याच्या वजनाचा फॉर्मात वेगळा रकाना असायचा. त्या रकान्याकडं कुणी ढुंकून बघत नाही. सरांनी बघितलं.

तोलून तोलून माझा हातच काटा झाला होता. ताटात भाकरी पडली की मी ग्रॅममध्ये वजन सांगायचो. सासरवाडीला एकदा सासूबाईंना म्हणालो, "मागच्या खेपेपेक्षा पुरणपोळी अकरा ग्रॅमनं कमी आहे." तेव्हापासून माझी बायको माहेरी एकटीच जाते.

पण खरी अडचण तोलण्यात नसते. माणूस खरं बोलेल तर शपथ. आणि कोण कसं खोटं बोलतो, याचाही एक नियम आहे, तो कुठल्या पुस्तकात सापडणार नाही. आधी आमच्याच गावातला मासला देतो.

अवसरीत आम्ही सर्वेला गेलो त्या सुमारास पिवळ्या रेशनकार्डाची हूल उठलेली. आमच्या भावकीतले तात्या म्हणजे बारमाही बागायत, दारात चार म्हशी. तात्या ओसरीवर गुडघ्यात मान घालून बसलेले.

"तात्या, काल काय जेवलात?"

"काय जेवणार? पाणी प्यालो आन निजलो." एवढं म्हणून तात्यांनी असा ढेकर दिला की म्हशींनी कान टवकारले.

"घरात धान्य?"

"दाणा न्हाई."

"आत डोकावू का?"

"आत आई निजलीया. आजारी हाय."

डोकावलो. पलंगावर गोधडी पांघरून कुणीतरी आडवं. खाली जमिनीवर गोधडी पांघरून आणखी कुणीतरी. भिंतीला टेकून, डोक्यावरून लुगडं घेऊन आणखी तिघं. सगळ्यांना गव्हाचा वास.

"तात्या," मी म्हणालो, "तुम्हाला आया किती?"

तात्या जराही बिचकले नाहीत. "चुलत्या धरून पाच."

असा तो बागायती भाग. पोट भरलेला माणूस उपाशी असल्याचं सांगतो. हे मला ठाऊक होतं, आणि त्याच्यावर माझा एवढा विश्वास बसला होता की याच्या उलटंही असतं हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही.

घाटघरच्या वर, डांबरी सडक संपल्यावर दीड तास चढलं की ती वाडी. सात घरं. मोजून सात. तिथं भात पिकतो, नाचणी-वरई पिकते, पण जुनं धान्य श्रावणात तळाला लागतं आणि नवं कार्तिकाशिवाय हाती येत नाही. मधले दोन-तीन महिने काय, हाच आमच्या मॅडमचा विषय. आणि नुसता विषय नव्हे. एक संस्था डोंगरातल्या वाड्यांना धान्यकोठ्या बांधून देणार होती: पावसाळ्यात कोठीतून धान्य न्यायचं, सुगीला मापाला माप परत घालायचं. कोठी कुठल्या वाडीला द्यायची ते आमच्या आकड्यांवरून ठरणार होतं. जिथं भूक दिसेल तिथं कोठी.

तर गणपती नुकतेच उठले होते, आणि आम्ही काटा खांद्यावर टाकून वाडीत पोचलो. पहिलंच घर ठकूबाईंचं. साठीच्या विधवा बाई, अंगानं काडी, पण आवाज असा की नाणेघाटात शिंकल्या तर कोकणातली माणसं 'शतायुषी व्हा' म्हणत असावीत. आम्हाला बघितल्याबरोबर त्यांनी वाडीकडं तोंड करून हाळी दिली, "आलं गं पावणं! पुण्याचं पावणं आलं!"

मला वाटलं, काय हे स्वागत! आता कळतं, तो इशारा होता.

ठकूबाईंच्या घरी आज काय शिजणार? भात. पातेलं भरून तांदूळ पुढं आला. दुसऱ्या घरी? भात. तिसऱ्या घरी? भात, आणि वर जेवायचा आग्रह. पाऊस लागलेला, घरांत धूर आणि अंधार, आणि मी आपला काट्याच्या सुईला डोळा लावून. आमचा धंदा असा की काटा बघायचा, भांडं बघायचं नाही. मॅडम दर घरी विचारत, "जेवलात का? जेवण रोज दोन वेळा होतं?" बाया पदर तोंडाला लावून म्हणत, "व्हतंय की. तीनदा बी व्हतंय." सात घरांत मिळून एक माणूस उपाशी सापडेल तर! मी उतरताना मॅडमना म्हणालोसुद्धा, "या वाडीपेक्षा आमच्या तात्यांचे हाल जास्त आहेत."

तेच फॉर्म सरांच्या टेबलावर पडले होते. सरांनी शेवटी आवाज उतरवला. तो तर ओरडण्यापेक्षा वाईट. "हे आकडे खरे असतील तर वाडीला कोठी नको. खोटे असतील तर वाडी माझ्या यादीतून बाहेर, आणि तुम्ही विभागातून. आठ दिवस देतो."

मॅडम माझ्याबद्दल एक शब्द वाईट बोलल्या नाहीत. जिन्यात एवढंच म्हणाल्या, "भाऊ, मी तुमच्याबरोबर होते. तुम्ही झाडाखाली बसला नव्हता. मग पातेलं कुठं बसलं होतं?"

पातेल्याचं कोडं सोडवायला पातेल्याचाच माणूस पाहिजे. जुन्नरला रशीदभाई कल्हईवाल्यांचं दुकान होतं; मॅडम आणि मी तिथं गेलो. त्यांच्या बापापासून त्या घराण्यानं मावळातल्या एकूणएक भांड्याला कल्हई लावलेली. रशीदभाईंना माणसाचा चेहरा आठवत नसे, भांडं मात्र जन्मभर विसरत नसत. मला ते 'बुडाला पोचा आलेला तांब्या' म्हणूनच ओळखत.

"रशीदभाई, सात घरांत सात पातेली, आणि वजन ग्रॅमला ग्रॅम सारखं. असं होऊ शकतं?"

त्यांनी भाता थांबवला. "भाऊ, हातानं ठोकलेलं भांडं आणि माणसाचा अंगठा, दोन सारखे दाखवा, दुकान तुमच्या नावावर करतो. कुठली वाडी?"

मी सांगितलं. रशीदभाई गालात हसायला लागले.

"काठाला चिमटा बसलाय? एक कडी नवी, एक जुनी?"

मॅडम म्हणाल्या, "हो! तिसऱ्या घरी माझं बोट त्या चिमट्यातच अडकलं होतं."

"मग ताई, सात कुठली? वाडीत मोठं पातेलं तेवढंच. जत्रेच्या आधी माझ्याकडंच येतं कल्हईला. नाव घातलंय त्याच्यावर."

भांड्यावर नाव घालायची आपल्याकडं रीतच आहे. कुणाच्या स्मरणार्थ, कुणाच्या लग्नात, कुणाकडून. मी त्या पातेल्यावर नाव बघितलंच नव्हतं. आता आठवलं, सातही घरांत बाईनं पातेलं पुढं केलं ते एक बाजू स्वतःच्या पोटाशी धरूनच.

मॅडम दुकानाच्या पायरीवर बसून फॉर्म चाळत होत्या. चाळता चाळता त्यांचा हात थांबला. "भाऊ, तांदूळ बघा. पहिल्या तीन घरी जवळजवळ सारखा. चौथ्या घरापासून पुढं पाऊण किलोनं कमी."

"सांडला असेल."

"तिसऱ्या घरी आपण जेवलो होतो."

मी त्या दिवशी तीनदा भात घेतला होता. वर 'तांदूळ फार गोड आहे' म्हणून चौथ्यांदा. इतकी वर्षं मी दुसऱ्यांचे घास मोजले. माझे कुणी मोजले नव्हते. काट्यानं मोजले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा वर चढलो. या खेपेला काट्याबरोबर माझ्या पाठीवर बायकोनं बांधून दिलेल्या बाजरीच्या वीस भाकरी आणि ठेचा. ठकूबाईंनी लांबून बघितलं आणि हाळी द्यायला तोंड उघडलं. मी खालूनच ओरडलो, "ठकूबाई, जुन्नरच्या रशीदभाईंनी निरोप दिलाय! पातेलं काळं पडलं असेल तर कल्हईला पाठवा म्हणाले!"

हाळी घशातच राहिली. ठकूबाई दोन्ही हात कमरेवर ठेवून उभ्या राहिल्या. मग जे सुटल्या! "त्या कल्हईवाल्याच्या जिभंला आधी कल्हई लावा म्हनावं! भांड्याला भोक पडलं तर बुजिवतो, सोताच्या तोंडाचं बुजवंना!" पुढचं मी लिहीत नाही. दिवाळी अंक घरात लहानथोर सगळेच वाचतात.

दम लागला तेव्हा त्या जोत्यावर बसल्या. मॅडम त्यांच्या शेजारी बसल्या.

"मावशी, तो तांदूळ कुणाचा होता?"

"समद्यांचा. चार-चार ओंजळी घराघरातनं काढल्या."

"इतके दिवस का ठेवला होता?"

"पित्रांचा व्हता." ठकूबाई अंगणाकडं बघत म्हणाल्या. "पितरांपुढं ठिवायला लागतो ना भात. त्यांना काय पेज वाढायची?"

मी माझ्या चपलेकडं बघत होतो. चार खेपांचा भात. कुणाकुणाच्या आज्या-पणज्यांच्या पानातला मी उचलला होता, देवाला ठाऊक.

"मग आम्हाला का सांगितलं नाहीत?" मॅडम म्हणाल्या.

"काय सांगू? पावणा दारात येतो, इचारतो, 'जेवला का?' त्याला 'न्हाई' म्हनायचं आसतं व्हय? न्हाई म्हनलं की पावण्याच्या गळ्याखाली घास उतरंल का?"

घ्या. आम्ही पुण्यात बसून तयार केलेला सगळ्यात पहिला प्रश्न हाच होता. आम्ही त्याला प्रश्न समजत होतो. वाडीत तो नमस्कार होता. नमस्काराला कुणी 'नाही' म्हणतं का?

आता कसं मोजायचं? परत काटा काढला तर परत पातेलं निघणार. जेवायला नाही म्हटलं तर अपमान, हो म्हटलं तर दरोडा. मला एक गोष्ट सुचली, आणि ती सुचली याचा मला आजही इतका अभिमान आहे की नातवंडं आता ऐकायला तयार नाहीत, म्हणून तुम्हाला सांगतोय. मी पाठीवरचं गठुडं सोडून अंगणात ठेवलं आणि म्हणालो, "ठकूबाई, आज आम्ही पाहुणे नाही. आज अंगतपंगत."

अंगतपंगत म्हणजे ज्याचं त्यानं आणायचं आणि एकत्र बसून वाटून खायचं. तिच्यात यजमान कुणी नाही, पाहुणा कुणी नाही, आणि कमी आणलं म्हणून कुणाची मान खाली जात नाही. अट मी एकच घातली: आज चुलीवर जे असेल ते, ज्या भांड्यात असेल त्यातच आणायचं.

ठकूबाईंनी गठुडं हुंगलं. "ठेचा कशाचा हाय?"

"लवंगी मिरचीचा."

मग त्यांनी हाळी दिली. या खेपेची हाळी वेगळी होती.

सात घरांतून सात भांडी आली. जर्मलच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या डेचक्या, एक टोप, एक नुसताच तवा. सातांची सात वजनं. नाचणीची पेज, कुठं दाट, कुठं इतकी पातळ की डेचकीत आभाळ दिसावं. कुर्डूची रानभाजी. टाकळ्याची भाजी. एका घरी खेकड्याचं कालवण, आणि ज्यानं खेकडा धरला त्यानं तो कसा धरला याचं वर्णन खेकड्यापेक्षा मोठं. शेवटच्या घराची बाई रिकामीच डेचकी घेऊन आली. "सकाळचं व्हतं, पोरांनी खाल्लं," म्हणाली. ठकूबाईंनी माझी भाकरी मोडून तिच्या हातावर ठेवली.

खाण्याआधी सगळं तोललं. काटा मधे, भोवती वाडी. बायाच वजनं वाचायला लागल्या. "भागे, तुझी डेचकी माझ्यापरीस जड गं!" "डेचकी जड, पेज हलकी!" असं चाललेलं. काटा म्हणजे परीक्षा असते, असं मला तोवर वाटायचं. त्या दिवशी तो खेळ झाला. खेळात माणूस खरं बोलतो.

आठ दिवसांच्या आत नवे फॉर्म सरांपुढं गेले आणि माझी नोकरी वाचली. शुभदा मॅडमनी जुने फॉर्म बाद केले. नुसते त्या वाडीचे नाही, डोंगरातल्या सगळ्या वाड्यांचे. "बाकीच्या ठिकाणी पातेली फिरली नसतील कशावरून?" म्हणाल्या. त्यांचं एक वर्ष गेलं. घरी लग्नाचं बघत होते, तेही पुढं गेलं. त्या वर्षात आम्ही पुन्हा सगळ्या वाड्या पालथ्या घातल्या, शिदोरी घेऊन. आमच्या विभागात पुढं नियमच झाला: अन्वेषकानं स्वतःचा डबा न्यायचा आणि घरात उघडायचा. प्रश्नही बदलला. 'जेवलात का?' कायमचं गेलं. त्याच्या जागी आलं, 'काल चुलीवर कुठलं भांडं चढलं?' भांड्यापासून सुरुवात केली की माणूस आपोआप खऱ्यावर येतो. प्रबंधात तो प्रश्न आहे. खाली तळटीपेत माझं नाव आहे, बारीक टायपात. मी भिंग घेऊन अवसरीत सगळ्यांना दाखवून आलो. तात्यांना पाचही आयांसकट.

त्या वाडीला कोठी मिळाली. पत्र्याची, काळ्या रंगाची, पायांखाली दगड. पुढच्या भाद्रपदात तिच्यातून धान्य निघालं आणि कार्तिकात मापाला माप परत पडलं. कुणी एक चिपटंसुद्धा बुडवलं नाही. पैजेवर सांगतो.

पण कोठी मिळायच्या आधी सर स्वतः वर आले होते. कागदावर सही करण्यापूर्वी एकदा बघतो म्हणाले. सुगीचे दिवस होते, खाचरं पिवळी झालेली. सरांनी जन्मभर भूक शिकवली, पण चढ शिकवला नव्हता. तीनदा बसले, एकदा तर आडवेच झाले. वाडीत पोचल्यावर ठकूबाईंनी त्यांना पाणी दिलं आणि मला विचारलं, "ह्येच का वरडलं व्हतं तुला?"

"हेच."

ठकूबाई आत गेल्या, पातेलं घेऊन आल्या आणि सरांच्या पुढ्यात ठेवलं. नुकतीच कल्हई झालेलं, आतून चांदीसारखं. ती कल्हई मी करून आणली होती, रशीदभाईंनी माझ्याकडून काही घेतलं नाही. सरांनी पातेलं दोन्ही हातांनी फिरवलं. काठाचा चिमटा बघितला. मग पलीकडची बाजू वळवून घातलेलं नाव वाचलं. 'समस्त वाडी.' चष्मा काढून पुसला, आणि परत वाचलं.

मी म्हणालो, "सर, काटा आणलाय. तोलायचं का?"

सरांनी नकारार्थी मान हलवली. ठकूबाईंकडं वळले आणि ज्या आवाजात मागच्या बाकाला काही ऐकू जात नसे त्या आवाजात म्हणाले, "आजी, सात घरांत एकच पातेलं का हो फिरवलंत?"

"दुसरं न्हवतं," ठकूबाई म्हणाल्या.